ओटीभरणाचा महिना आणि साखरेची चाचणी

(नागपूर जिल्ह्यातील खापा येथे माता-भगिनींच्या मेळाव्यात एका स्त्रीरोगतज्ज्ञ भगिनीने केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



आजचा विषय वरकरणी अगदी लहान आहे. गरोदर स्त्रीने साखरेचे पाणी पिऊन दोन तासांनी बोटातून किंवा शिरेतून रक्त द्यावे की देऊ नये, एवढाच तो प्रश्न. परंतु कन्हानच्या काठावरील या गावात हा प्रश्न दवाखान्याच्या दारात कधीच एकटा येत नाही. त्याच्यासोबत सासूबाई येतात, नणंद येते, माहेरचा फोन येतो. कोणी म्हणते, “आमच्या सात पिढ्यांत कुणाला साखर नाही.” कोणी म्हणते, “एवढे गोड पाणी पोटातल्या लेकराला बाधेल.” आणि जिच्या रक्ताचा प्रश्न असतो ती मुलगी मात्र बहुधा काहीच बोलत नाही. ‘घरचे म्हणतील तसे’ हेच तिचे उत्तर असते. तिने स्वतः समजून घेऊन, घरच्यांना विश्वासात घेऊन निर्णय घ्यावा, यासाठी आजचे हे बोलणे आहे. घरातील पुरुष मंडळीही येथे उपस्थित आहेत याचा मला विशेष आनंद वाटतो. कारण त्यांच्या वाट्याचे कामही मी सांगणार आहे.

शरीरात नेमके काय घडते

गर्भ वाढू लागला की वार, म्हणजे गर्भाला आईशी जोडणारा अवयव, निरनिराळी संप्रेरके तयार करतो. बाळाला अखंड पोषण मिळावे म्हणून ही संप्रेरके आईच्या इन्सुलिनचा प्रभाव थोडा कमी करतात. निसर्गाचीच ही योजना आहे. बहुतेक स्त्रियांचे स्वादुपिंड त्यावर अधिक इन्सुलिन निर्माण करून तोल सांभाळते. काहींचे स्वादुपिंड मात्र या वाढलेल्या मागणीला पुरे पडत नाही आणि रक्तातील साखर मर्यादेबाहेर जाते. यालाच गरोदरपणातील मधुमेह म्हणतात. ही ओढाताण साधारणतः सहाव्या-सातव्या महिन्यात ठळक होते.

यात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की, आईची साखर वार ओलांडून बाळाकडे जाते, पण आईचे इन्सुलिन जात नाही. जास्तीची साखर आली की बाळाचे चिमुकले स्वादुपिंडच जादा इन्सुलिन तयार करू लागते. डेन्मार्कमधील योर्गेन पेडरसन या वैद्यांनी गेल्या शतकाच्या मध्यास ही उपपत्ती मांडली आणि आजही ती मूलतः मान्य आहे. त्या इन्सुलिनमुळे बाळाच्या अंगावर चरबी चढते, वजन अवास्तव वाढते, प्रसूतीत खांदा अडकण्याचा धोका निर्माण होतो. नाळ कापली की आईकडून येणारी साखर थांबते, परंतु बाळाचे इन्सुलिन तसेच असते; त्यामुळे जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत बाळाची साखर एकदम खाली येऊ शकते. कावीळही अशा बाळांत अधिक आढळते. आईच्या बाजूने पाहिले तर रक्तदाब वाढून होणारी गुंतागुंत आणि शस्त्रक्रियेने प्रसूती होण्याची शक्यता वाढते.

आणि हे सारे घडत असताना त्या स्त्रीला बहुधा काहीच जाणवत नाही. वारंवार लघवीला जाणे, थकवा, तहान ही लक्षणे गरोदरपणात एरवीही असतातच. म्हणून लक्षणे दिसण्याची वाट पाहणे येथे उपयोगाचे नाही.

मधुमेह आपल्या पूर्वजांना अपरिचित नव्हता. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत प्रमेह व मधुमेह यांचे वर्णन आहे, आणि गर्भिणीने महिन्यागणिक कसा आहार-विहार ठेवावा याचाही विचार आहे. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली अमेरिकेत पदवी घेताना प्रबंधासाठी प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हाच विषय निवडला होता. अवघ्या चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या आणि त्यांचे बाळ दहा दिवसच जगले. परंपरेचा आदर आणि नव्या वैद्यकाचा स्वीकार या दोन्ही गोष्टी एकाच मनात नांदू शकतात, हे त्यांच्या आयुष्यावरून कळते.

चाचणी कशी होते

केंद्र शासनाच्या आरोग्य खात्याने २०१४ साली या संबंधीच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०१८ मध्ये त्या सुधारून घेतल्या. त्यांनुसार प्रत्येक गरोदर स्त्रीची चाचणी करावयाची आहे. केवळ वजनदार किंवा वय वाढलेल्या स्त्रियांची नव्हे. ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच ते दहा मिनिटांत पिऊन टाकायचे आणि दोन तासांनी रक्तातील साखर मोजायची. जेवण झालेले असो वा नसो, ही चाचणी करता येते. साखर १४० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक आली तर गरोदरपणातील मधुमेह समजून उपचार सुरू करायचे. पाणी प्याल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते; अर्ध्या तासानंतर झाली तर तीच चाचणी पुढे चालू ठेवता येते.

ही चाचणी दोनदा करायची असते. पहिली, नाव नोंदवायला जाल तेव्हा, शक्य तितक्या लवकर. ती निर्दोष आली तर दुसरी चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांच्या दरम्यान. दोहोंत किमान चार आठवड्यांचे अंतर असावे. अठ्ठावीस आठवडे उलटून गेल्यावर जी स्त्री प्रथमच तपासणीला येते, तिची आल्याबरोबर एक चाचणी करावी, अशी सूचना आहे.

जेवलेल्या अवस्थेतही करता येणारी ही पद्धत चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे आणली. उपाशीपोटी या असे सांगितले की खेड्यातील गरोदर बाई पहाटे निघून, एस. टी.ची वाट पाहून, भोवळ येण्याच्या स्थितीत दवाखान्यात पोहोचते आणि पुन्हा कधी येत नाही, ही आपल्याकडील वस्तुस्थिती त्यामागे होती. डॉ. शेषय्या यांचा जन्मदिवस १० मार्च हा आपल्या देशात गरोदरपणातील मधुमेहाविषयी जागृतीचा दिवस म्हणून पाळला जातो.

लघवीतील साखर पाहून भागत नाही का, असे पुष्कळ जणी विचारतात. भागत नाही. गरोदरपणात मूत्रपिंडातून थोडी साखर तशीही उतरते. त्यामुळे मधुमेह नसताना लघवीत साखर दिसू शकते आणि मधुमेह असताना दिसणार नाही, असेही होते. केवळ उपाशीपोटीची साखर पाहणेही आपल्याकडे पुरेसे ठरत नाही, कारण आपल्या अनेक स्त्रियांची उपाशीपोटीची साखर ठीक असते आणि खाल्ल्यानंतरचीच वाढते.

‘मी तर बारीक आहे’

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप मागावर बसणाऱ्या, शेतात राबणाऱ्या, अंगाने सडपातळ भगिनींचा असतो. “साखर म्हणजे बसून खाणाऱ्या शहरी बायकांचा आजार, आम्हाला कशाला तो?”

या प्रश्नाचे उत्तर आपल्या महाराष्ट्रातच शोधले गेले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे परिसरातील सहा खेड्यांत गर्भवती माता आणि त्यांची मुले यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. तेथील बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो होते; इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे हलकी, स्नायूंनी कमी. परंतु अंगावरील चरबी मात्र त्या प्रमाणात कमी नव्हती. वरून बारीक आणि आतून चरबीयुक्त, अशी ही आपली घडण जन्मापासूनच असते. म्हणून वजनकाट्यावर किंवा आरशात पाहून आपल्याकडे मधुमेहाचा अंदाज बांधता येत नाही.

तामिळनाडूत बारा हजारांवर गर्भवतींची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. शहरात १७.८ टक्के, निमशहरी भागात १३.८ टक्के आणि ग्रामीण भागात ९.९ टक्के स्त्रियांत गरोदरपणातील मधुमेह आढळला. म्हणजे खेड्यातही दहा जणींमागे जवळपास एक. खापा हे गाव तर निमशहरी म्हणावे असेच. नगर परिषद येथे, विणकरांचे माग येथे, आसपास मँगनीजच्या खाणी आणि संत्र्याच्या बागा, आणि रोजचे जाणे-येणे सावनेर-नागपूरला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. ‘आमच्या घरात कुणाला नाही’ या वाक्याचा अर्थ पुष्कळदा ‘आमच्या घरात कुणी तपासलेले नाही’ इतकाच असतो.

‘एवढे गोड पाणी बाधेल’

७५ ग्रॅम ग्लुकोज म्हणजे सुमारे पंधरा चहाचे चमचे. चव नकोशी असते, मळमळ होते, हे खरे आहे. त्यात लपविण्यासारखे काही नाही. परंतु एकदा घेतलेल्या या पाण्याने बाळाला इजा होत नाही. रक्तातील साखर काही काळ वाढते आणि पुन्हा उतरते. धोका असतो तो आठवडेच्या आठवडे, रोज तीन-चार वेळा वाढून राहणाऱ्या साखरेचा. आणि ती तशी वाढते आहे की नाही हे शोधण्यासाठीच ही चाचणी आहे. थंड पाण्यात लिंबाचे चार थेंब पिळता येतील का, हे परिचारिकेला विचारून घ्यावे. घोट घोट प्यावे. दोन तास तेथेच शांत बसावे, मध्ये काही खाऊ नये. सोबत कोणी असेल तर वेळ बरा जातो. ही सोबत नवऱ्याने करायला काहीच हरकत नाही.

‘एकदा नाव लागले की सिझर ठरलेलेच’

हा आक्षेप मी सर्वात गंभीर मानते, कारण त्यामागे अनुभवातून आलेला अविश्वास आहे. तपासणी म्हणजे डॉक्टरांचा धंदा, असे म्हणणाऱ्यांना केवळ रागावून चालणार नाही. पुराव्याने उत्तर दिले पाहिजे.

ऑस्ट्रेलिया व ब्रिटनमधील रुग्णालयांत एक हजार स्त्रियांवर झालेला एक मोठा प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाला. या स्त्रियांची दोन तासांनंतरची साखर १४०च्या पुढे होती. परंतु फार वाढलेली नव्हती. अर्ध्या स्त्रियांना आहार, साखरेवर देखरेख आणि गरजेप्रमाणे इन्सुलिन दिले. उरलेल्यांची नेहमीची काळजी घेतली. बाळाचा मृत्यू, खांदा अडकणे, हाड मोडणे, मज्जातंतूला इजा अशा गंभीर घटना उपचार न झालेल्या गटात ४ टक्के, तर उपचार झालेल्या गटात १ टक्का आढळल्या. सिझरचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच राहिले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अशाच प्रयोगात तर उपचार घेतलेल्या गटात सिझर कमी झाली. तेव्हा मधुमेहाचे निदान झाले म्हणून सिझर करावीच लागते, असे शास्त्र सांगत नाही. साखर आटोक्यात असेल, बाळाची वाढ नीट असेल, तर नैसर्गिक प्रसूती होऊ शकते. कोणी ‘साखर आहे म्हणून सिझर’ एवढेच कारण सांगितले तर ‘बाळाचे वजन किती दिसते, साखर किती आहे, थांबल्यास काय होईल’ हे तीन प्रश्न शांतपणे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे

चाचणीचे गुण सांगताना तिच्या मर्यादा झाकून ठेवणे मला योग्य वाटत नाही. निर्णय समजून घ्यायचा असेल तर दोन्ही पारडी दिसली पाहिजेत.

पहिली मर्यादा म्हणजे, १४० हा आकडा काही निसर्गाने आखलेली रेषा नाही. नऊ देशांतील २३ हजारांवर गर्भवतींचा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. साखर जसजशी वाढते तसतसा धोका हळूहळू चढत जातो, कोठेही अचानक उडी दिसत नाही, असे त्यात आढळले. म्हणजे रेषा माणसांनी ठरवली आहे. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली स्वीकारलेले निकष वेगळे आहेत, अमेरिकेतील अनेक रुग्णालयांचे आणखी वेगळे. १३८ आली म्हणून निर्धास्त होऊ नये आणि १४२ आली म्हणून खचून जाऊ नये.

दुसरी मर्यादा अशी की, निकष सैल केले की नाव लागणाऱ्या स्त्रिया वाढतात, पण फायदा त्याच प्रमाणात वाढतोच असे नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या तुलनेत एका पद्धतीने १६.५ टक्के आणि दुसऱ्या पद्धतीने ८.५ टक्के स्त्रियांत निदान झाले. माता-बालकांच्या आरोग्यात मात्र दोन गटांत ठळक फरक दिसला नाही. उलटपक्षी, आपल्याकडची जेवून करता येणारी चाचणी काही स्त्रियांना निसटू देते, अशी टीका आपल्याच देशातील तज्ज्ञांनी केली आहे. तेव्हा चाचणी निर्दोष आली तरी बाळाची वाढ जास्त वाटली, पोटात पाणी अधिक दिसले किंवा घरात मधुमेहाचा ठळक इतिहास असला, तर उपाशीपोटी येऊन पूर्ण चाचणी पुन्हा करून घेणे शहाणपणाचे.

तिसरी गोष्ट मनाची. मधुमेह हा शब्द ऐकला की मुलगी घाबरते, झोप उडते, आणि घरात ‘हिनेच काहीतरी गोड खाल्ले असणार’ अशी कुजबूज सुरू होते. हे अन्यायाचे आहे. वारेच्या संप्रेरकांमुळे आणि आनुवंशिक घडणीमुळे होणाऱ्या गोष्टीसाठी त्या मुलीला दोषी धरू नये. सासूबाईंच्या तोंडचे एक समजुतीचे वाक्य येथे औषधापेक्षा कमी मोलाचे नाही.

ही सगळी पारडी समोर ठेवून माझे मत स्पष्ट आहे: दोन तास आणि एका गोड पेल्याच्या बदल्यात जे कळते ते कळून घेण्यासारखे आहे, विशेषतः आपल्या घडणीच्या समाजात. तरीही ही चाचणी संमतीनेच व्हायची असते. एखादी भगिनी नको म्हणाली तर तिला दटावू नये, दुरुत्तरे करू नयेत. काही दिवस घरच्या घरी जेवणानंतर दोन तासांची साखर मोजून पाहण्याचा पर्याय तिच्या डॉक्टरांशी बोलता येतो. नाही म्हणणारी स्त्रीही आपलीच आहे आणि तिची तपासणी, तिची काळजी तशीच चालू राहिली पाहिजे.

निदान झाले तर

बहुसंख्य स्त्रियांची साखर आहार आणि चालण्याने आटोक्यात येते. शासकीय सूचनांनुसार आधी दोन आठवडे आहार आणि व्यायाम यांवर भर द्यायचा आणि मग जेवणानंतर दोन तासांची साखर पाहायची. ती १२०च्या आत असली तर तेच चालू ठेवायचे. १२० किंवा अधिक असली तर औषधाचा विचार करायचा. इन्सुलिन वार ओलांडत नाही, म्हणून बाळाच्या दृष्टीने ते निर्धोक आहे. गोळ्याही काही स्त्रियांना वीस आठवड्यांनंतर देतात. तो निर्णय डॉक्टरांचा. इन्सुलिनची सवय लागते हा समज चुकीचा आहे. प्रसूतीनंतर बहुतेक जणींचे इन्सुलिन बंद होते.

आहाराबाबत एक मोठी चूक होते. साखर निघाली की घरचे जेवण तोडतात. भात बंद, पोळी अर्धी, रात्री नुसते वरणाचे पाणी. आपल्याकडे रक्तक्षय आणि कमी वजनाची बाळे हाही तेवढाच मोठा प्रश्न आहे. त्यामुळे उपाशी ठेवणे हा उपचार होऊच शकत नाही. प्रमाण आणि वेळ बदलायची आहे. तीन मोठ्या जेवणांऐवजी तीन मध्यम जेवणे आणि दोन-तीन लहान खाणी. ताटात भाताचा डोंगर नको; ज्वारीची भाकर, तुरीचे घट्ट वरण, मोड आलेली मटकी, मेथी-चवळी-अंबाडीची भाजी, सोबत ताक. ज्या घरी चालते त्या घरी अंडी-मासळी. मधल्या वेळेला मूठभर शेंगदाणे वा फुटाणे. संत्र्याच्या मुलखात राहतो म्हणून पेला पेला रस पिऊ नये; एक संत्रे सोलून, चोथ्यासकट खावे. दिवसातून चार वेळा साखरेचा चहा होत असेल तर तो आधी कमी करावा. जेवणानंतर अंगणात, गल्लीत पंधरा मिनिटे चालावे. दिवसाकाठी अर्धा तास भरला की पुरे. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असेल तर अर्थात गोष्ट वेगळी.

आणि हे जेवण तिच्यापुरते वेगळे शिजवू नये. तिने एकटीने पथ्य पाळायचे आणि बाकीच्यांनी तिच्यासमोर जिलबी खायची, हे टिकत नाही. सगळ्या घराने तसे जेवले तर घरातील इतरांचाही लाभच आहे.

सासर आणि माहेर यांच्या मधली चाचणी

आता ज्या मुद्द्यासाठी मी आवर्जून खाप्याला आले, तो सांगते. आपल्याकडे सातव्या महिन्यात ओटी भरतात, डोहाळेजेवण होते आणि पहिलटकरीण माहेरी जाते. चोवीस ते अठ्ठावीस आठवडे म्हणजे नेमका हाच काळ. सासरच्या दवाखान्यात नाव नोंदलेले, पहिली चाचणी तेथे झालेली. दुसरी चाचणी करायची वेळ येते तेव्हा मुलगी प्रवासात. सासरच्यांना वाटते माहेरी करतील; माहेरच्यांना वाटते तिकडे झाली असेल. आशाताई दोन्हीकडे असतात. पण मुलगी एकीच्या यादीतून निघालेली आणि दुसरीच्या यादीत अजून न आलेली असते. ज्या आठवड्यांत साखर वाढण्याची शक्यता सर्वाधिक, त्याच आठवड्यांत ती कोणाच्याच नजरेखाली नसते.

यावर उपाय साधा आहे. ओटीचा मुहूर्त ठरवताना त्याच आठवड्यात दुसऱ्या चाचणीचा दिवसही ठरवावा. चाचणी आधी, ओटी नंतर. माता-बाल संरक्षण कार्डावर चाचणीची तारीख आणि आकडा लिहून घ्यावा आणि ओटीच्या साडीसोबत ते कार्डही मुलीच्या पिशवीत द्यावे. माहेरी पोहोचताच पहिल्या आठवड्यात तेथील आशाताईंना ते दाखवावे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. तो दिवसही यासाठी सोयीचा. आपल्या केंद्रात ही चाचणी कोणत्या दिवशी होते हे आधी विचारून घ्यावे. साखर आटोक्यात येत नसेल तर नागपूरचे डागा स्मृती स्त्री रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय ही शासकीय ठिकाणे आपल्या हाकेच्या अंतरावर आहेत.

हे काम घरातील पुरुषांनी अंगावर घ्यावे. सामाजिक कामासाठी गावोगाव हिंडणाऱ्या कार्यकर्त्याला आपल्या पत्नीच्या कार्डावरील दोन तारखा पाठ नसाव्यात, हे शोभणारे नाही.

बाळंतपणानंतर

ज्यांना गरोदरपणात मधुमेह निघाला, त्यांच्या बाळाला जन्मल्यावर पहिल्या तासातच अंगावर पाजावे. पहिला चीक फेकू नये, मधाचे बोट चाटवू नये. बाळाची साखर डॉक्टर तपासतील, त्याला नाही म्हणू नये.

पुढे आईची साखर बहुधा पूर्वपदावर येते आणि येथेच सर्वजण विसरतात. अशा स्त्रीला पुढील आयुष्यात मधुमेह होण्याची शक्यता इतरांच्या तुलनेत सात ते दहा पट अधिक असते, असे जगभरातील अभ्यासांच्या एकत्रित पडताळणीतून दिसले आहे. म्हणून प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी ग्लुकोजची चाचणी पुन्हा करायची असते. सव्वा महिना नुकताच सरलेला असतो, मुलगी अजून माहेरीच असते. पण त्याच सुमारास, दीड महिन्याला, बाळाची पहिली मोठी लस असते आणि ती कोणी चुकवत नाही. बाळाला लस आणि आईला चाचणी, असे एकाच फेरीत जमवता येईल; फक्त त्या दिवशी आईने उपाशीपोटी जावे. त्यानंतर वर्षातून एकदा साखर तपासत राहावे. डिंकाचे, मेथीचे लाडू करावेत, पण गूळ-साखर बेताने घालावी. रोज चार लाडवांचा आग्रह नको. अंगावर पाजण्याने आईलाही साखरेच्या दृष्टीने लाभ होतो, हे आजीने आवर्जून सांगावे.

भगिनींनो, डोहाळे हा शब्द संस्कृत ‘दोहद’ यावरून आला. गर्भवतीच्या मनात काय आहे ते विचारावे आणि ते पुरवावे, ही त्यामागील रीत आपल्या समाजाने शतकानुशतके जपली. या वर्षी ज्यांच्या घरी ओटी भरायची आहे त्यांनी आपल्या सुनेला, लेकीला आणखी एक प्रश्न विचारावा: “तुझी दुसरी चाचणी झाली का, आणि आकडा किती आला?” आकडा माहीत नसेल तर कार्ड काढून दोघींनी मिळून पाहावा. कार्डावर जागा रिकामी असेल तर याच आठवड्यात दवाखान्यात जावे.

 आता ज्यांना काही विचारायचे असेल त्यांनी संकोच न करता विचारावे.